तीन शिक्के

"ही मुलगी कोण?" कंपनीच्या वकिलांनी विचारलं.

आईला दिसत नव्हतं, म्हणून साक्षीसाठी तिला खुर्ची दिली होती आणि तिच्या शेजारी उभं राहायची मला परवानगी मिळाली होती. तिचा हात माझ्या मनगटावर होता.

"माझी लेक," आई म्हणाली.

"नाव?"

"तेजस्विनी."

"वय किती हिचं?"

"जूनात सोळा पुरी झाली."

दफ्तरदार वकील पुण्याहून यायचे. आवाज कधी चढवायचे नाहीत. आईशी तर फारच अदबीनं बोलायचे, अहोजाहो करून. त्यांनी माझ्या शाळेचा दाखला न्यायाधीशांपुढं ठेवला. मग दुसरा कागद उचलला. तो लांबूनही मला ओळखू आला. दवाखान्याचं पिवळं कार्ड.

"आक्काताई, हे सुईचं कार्ड तुमचंच ना? तुम्हीच कोर्टात दिलंत."

"व्हय. माझंच."

"मुलीचा जन्म चौदा जून एकोणीसशे ब्याण्णवचा. आणि ह्या कार्डावर ऑक्टोबर एक्क्याण्णव, जानेवारी ब्याण्णव, एप्रिल ब्याण्णव असे तीन शिक्के आहेत. म्हणजे मूल पोटात असताना मूल न होण्याची सुई तुम्ही तीन वेळा घेतलीत. बरोबर का?"

मागच्या बाकांवर आमच्या गावच्या एकोणीस बायका बसल्या होत्या, त्या सगळ्या पुढं झुकल्या. आईची बोटं माझ्या मनगटात रुतली.

"एक तर हे कार्ड खोटं आहे," दफ्तरदार हळूच म्हणाले, "नाहीतर ही मुलगी..." आणि त्यांनी वाक्य तिथंच सोडलं.

आईनं तोंड उघडलं आणि ती खुर्चीवरच एका बाजूला कलली. मी आणि शिपायानं तिला सावरलं. आमच्या वकील हेरवाडे मॅडम उठून उभ्या राहिल्या. न्यायाधीशांनी घड्याळाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं आणि पुढची साक्ष पंधरा दिवसांनी घ्यायचं ठरवलं.

आम्ही इचलकरंजीचे. आई यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, मशीनपुढं उभं राहून. आमच्या भागात एक धर्मादाय दवाखाना होता. तिथं तीन महिन्यांची सुई मिळायची. एकदा टोचून घेतली की तीन महिने काळजी नाही. ऑपरेशन नको, सुट्टी नको, नवऱ्याला विचारायला नको. माझा दादा दोन वर्षांचा झाल्यावर, एकोणनव्वद साली आईनं पहिली सुई घेतली आणि पुढं अकरा वर्षं घेत राहिली. लिगाडे सिस्टर सुई टोचायच्या आणि कार्डावर शिक्का मारायच्या. किती वर्षं घ्यायची, कधी थांबायचं, हे कुणी सांगितलं नाही. औषधाबरोबर येणाऱ्या इंग्रजी चिठ्ठीत ते असायचं म्हणे. चिठ्ठी खोक्याबरोबर कचऱ्यात जायची.

दोन हजार सालापासून आईचं डोकं दुखायला लागलं. आधी डावा डोळा गेला, मग उजवा. मिरजेच्या डॉक्टरांनी डोक्यात गाठ असल्याचं सांगितलं. ऑपरेशन झालं, जीव वाचला, नजर परत आली नाही. त्याच वॉर्डात आईला इचलकरंजीच्याच आणखी दोघी भेटल्या, तसल्याच गाठीच्या. तिथला एक तरुण डॉक्टर होता. त्यानं तिघींना एकच प्रश्न विचारला, "कुठलं औषध वर्षानुवर्षं घेत होता का?" तिघींनी एकाच दवाखान्याचं नाव सांगितलं.

शोधत शोधत त्या सत्तावीस झाल्या. कुणाची दृष्टी गेली, कुणाला झटके यायला लागले, दोघी तर वारल्याच होत्या, त्यांच्या वतीनं नवरे आले. हेरवाडे मॅडमनी सत्तावीस दावे दाखल केले. कंपनी एक, सुई एक, दवाखाना एक, म्हणून कोर्टानं ते सगळे एकत्र केले. आईचा दावा आधी ऐकायचा आणि त्याच्या निकालावर बाकीचे चालवायचे, असं ठरलं. कारण आईचं कार्ड सगळ्यात पुरं होतं. अकरा वर्षांत एक शिक्का चुकलेला नाही. दवाखाना बंद पडला होता, वह्या रद्दीत गेल्या होत्या, लिगाडे सिस्टर वारल्या होत्या. कार्डांशिवाय हातात काहीच नव्हतं.

त्या दिवशी एस.टी.नं परत येताना कुणी डबा उघडला नाही. एरवी ह्या बायका एकमेकींच्या तोंडात घास घालायच्या. आईशेजारी नेहमीसारखी रुक्साना मावशी बसली होती. रुक्साना बागवान. आई आणि ती एकाच मशीनवर समोरासमोर चौदा वर्षं कांड्या भरत होत्या. तिच्याही डोक्यात गाठ होती. तिची दृष्टी शाबूत होती, पण महिन्यातून तीन-चारदा झटके यायचे. गाठ काढायला मोठ्या इस्पितळात जायला हवं होतं आणि त्यासाठी ती दाव्याच्या निकालाकडं डोळे लावून होती. हातकणंगल्याच्या पुढं ती एवढंच म्हणाली, "आक्का, पाणी पी गं." आईनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. मी चूल पेटवत होते. तिनं बसायच्या आधीच विचारलं.

"आक्का, तेजूच्या वक्ताला तू पोटुशी होतीस. मी डोळ्यानं बघितलंय. तुला कैऱ्या मी आणून दिल्या. तुझ्या मशीनवरची जड पेटी मी उचलत होतो."

"व्हय."

"मग त्या सुया?"

आईनं चुलीकडं तोंड फिरवलं.

"घेतल्यास का न्हाई घेतल्यास? मला तेवढंच सांग. कोर्टाला सांगू नगंस, मला सांग. सिस्टरनं उगंच शिक्के मारले व्हय?"

"सिस्टरनं कधी उगंच शिक्का मारला न्हाई."

"मग?"

"रुक्साना," आई म्हणाली, "मला आज काय विचारू नगंस."

रुक्साना मावशी उठली. दारात थांबली. "माझं कार्ड खरं हाय गं," ती म्हणाली. "एकेक शिक्का खरा हाय. तुझ्यापायी ते खोटं ठरंल."

आठवड्यानं हेरवाडे मॅडमनी आम्हाला कोल्हापूरला ऑफिसात बोलावलं. त्या साठीच्या होत्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, बोलणं तोडून टाकल्यासारखं. पाच वर्षं त्यांनी ह्या कामाची फी घेतली नव्हती. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. काचेच्या दारातून मला आईची पाठ दिसत होती आणि मॅडमचा चेहरा. मॅडम काहीतरी विचारत होत्या, आई मान हलवत होती. मग आई बोलायला लागली. बराच वेळ बोलली. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

बाहेर आल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जसं त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"आक्काताई," त्या आईला म्हणाल्या, "मी कोर्टात हे बोलू शकत नाही. तुम्ही बोललं पाहिजे. एक रक्ताची तपासणी झाली की पुढं कुणी तोंड उघडू शकणार नाही. तुमचं कार्ड खरं ठरेल आणि सगळ्यांची कार्डं खरी ठरतील. विचार करा."

"जिचं हाय तिला विचारलं पायजे," आई म्हणाली.

मला वाटलं, आई कुठल्यातरी कागदाविषयी बोलतेय.

त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी मालन मावशी आली. आईची धाकटी बहीण, हुपरीला दिलेली. तिचा नवरा चांदीच्या पैंजणांना घुंगरू लावायचा. मावशी आमच्याकडं वर्षातून एकदा, फार तर दोनदा यायची. आली की माझ्याकडं फारसं बघायची नाही. मला ती थोडी गर्विष्ठ वाटायची. आईनं तिला निरोप धाडला होता, हे मला माहीत नव्हतं. मी कॉलेजातून आले तेव्हा दार लोटलेलं होतं आणि आतून रडण्याचा आवाज येत होता. मी बाहेरच थांबले.

"माझ्या मोठीचं लग्न ठरलंय, आक्का. माघात लग्न हाय. त्यास्नी कळलं तर पोरीला कोण नेईल? मला तर ह्यो घरातनं काढील. दोन पोरी घिऊन मी कुठं जाऊ?"

"कोर्ट कोल्हापुरात हाय. हुपरीत कुणाला कळतंय?"

"सत्तावीस बायका बसत्यात तिथं. संध्याकाळच्या आत हुपरीत कळंल."

आतून भांडं सरकवल्याचा आवाज आला. मावशीच म्हणाली, "तू माझ्यासाठी पोटाला जुन्या लुगड्याची धडपी बांधून सात महिने मशीनवर उभी राहिलीस. लोकांच्या कैऱ्या खाल्ल्यास. ह्यो तवा दोन वर्षं परमुलखात कामाला होता, मोठी माझ्या कडंवर होती, तशी मला अथणीला लपवलंस. पोर झाल्या झाल्या उचलून पदराखाली घेतलीस आणि गावाला आपली म्हणून सांगितलंस. एवढं केलंस, आता ते उकरून काढू नगंस. पाया पडतो तुझ्या."

"पाया पडू नगंस. ऊठ."

"तेजूला काय सांगशील?"

"तिला काय सांगायचं? ती माझी हाय."

मी तशीच मागं फिरले. गल्ली ओलांडली, कारखान्यांच्या रांगेतून चालत राहिले. माग खडखडत होते. मला रडू आलं नाही. मी आकडेमोड करत होते. ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल. आई दर तीन महिन्यांनी दवाखान्यात जाऊन मूल होऊ नये म्हणून सुई टोचून घेत होती आणि कारखान्यात येऊन पोटुशी असल्याचं दाखवत होती. लिगाडे सिस्टरला हे माहीत असणारच. ती कुणापाशी बोलली नाही. माझे वडील, तात्या, दोन वर्षांपूर्वी गेले होते. त्यांनाही माहीत होतं. ते मला खांद्यावर घेऊन कारखान्यात जायचे. अथणीला, परक्याच्या घरात, मालन मावशीनं मला जन्म दिला होता, आणि तो माणूस कोण होता हे त्या दिवशीही कुणाच्या तोंडून आलं नाही, नंतरही नाही.

घरी परतले तेव्हा मावशी गेली होती. आईनं विचारलं, "उशीर झाला गं?" मी म्हणाले, "प्रॅक्टिकल होतं."

तारखेच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी लवकरच्या एस.टी.नं निघालो. बाकीच्या बायका नंतरच्या गाडीनं येणार होत्या. आता त्या आमच्याबरोबर बसत नव्हत्या. आई खिडकीशी बसली होती, तोंडावर ऊन येत होतं, ती तशीच बसून राहिली.

मी म्हणाले, "आई, तू सांग."

"काय सांगू?"

"मावशी आली होती त्या दिवशी मी दारात होते."

आईनं माझ्याकडं तोंड वळवलं. दिसत नसलं तरी ती बोलणाऱ्याकडं तोंड वळवायची. तिनं माझा हात शोधला.

"सगळं ऐकलंस?"

"हो. मला काही वाटलं नाही. तू सांग कोर्टात. रुक्साना मावशीचं ऑपरेशन व्हायचंय. सत्तावीस जणी आहेत."

हे वाक्य मी चार दिवस मनात म्हणून पाठ केलं होतं.

"तू काय कागद हायस व्हय," आई म्हणाली, "कोर्टात दाखवायला?"

"पण आई..."

"मी त्या मॅडमला सांगितलं तवा माझी जीभ जड झाली. बंद खोलीत, एका माणसापुढं. ते तसलं मी तिथं उभं राहून म्हणायचं, ही माझी न्हवं म्हणून? त्यो वकील लिहून घेणार. त्यावर शिक्का बसणार. मग जलमभर त्ये कागदात ऱ्हाणार."

"मालन मावशीसाठी गप्प बसतेयस ना तू?"

"मालनचं मालन बघंल," आई म्हणाली. "तिला मी विचारलं. ती रडली. पण खरं सांगू? ती हो म्हणाली असती तर मला जास्त भ्या वाटलं असतं."

मी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. नुसतं एकदा. मी कोर्टात उठून स्वतःसुद्धा बोलू शकले असते. पण आईचा हात माझ्या हातात होता, आणि मला बरं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कोल्हापूर येईपर्यंत मला बरं वाटत होतं.

कोर्टात त्या दिवशी हेरवाडे मॅडमनी प्रश्न विचारायचे होते. त्यांचा आवाज बसलेला होता.

"आक्काताई, त्या तीन सुया तुम्ही घेतल्या का?"

"घेतल्या."

"तिन्ही?"

"तिन्ही. देवाशपथ सांगितलंय तर खरंच सांगतो."

"आणि तेजस्विनी?"

"माझी लेक."

मॅडम थांबल्या. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा मागच्या बाकांकडं. मग एकेक शब्द सुटा करून विचारलं, "तुम्ही तिला जन्म दिलात?"

आईची पाठ ताठ झाली.

"दिला."

"आक्काताई, नीट विचार करून उत्तर द्या."

"विचार केलाय मॅडम. माझ्या पोटची हाय."

दफ्तरदार उठले. त्यांना फक्त एकच प्रश्न विचारायचा होता. "आक्काताई, ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी कशी असू शकतील, हे कोर्टाला सांगाल का?"

"ते मला ठावं न्हाई," आई म्हणाली. "तुम्ही शिकलेली माणसं. तुम्ही शोधा. मी सुया बी घेतल्या आणि लेक बी माझीच हाय."

मागून कुणीतरी मोठ्यानं श्वास सोडला. दफ्तरदार "आभारी आहे" म्हणाले आणि खाली बसले. न्यायाधीशांनी काहीतरी लिहिलं. ते फार वेळ लिहीत होते.

बाहेर व्हरांड्यात बायका वाट बघत उभ्या होत्या. आम्ही गेलो तसं त्यांनी दोन्ही बाजूंना सरकून वाट करून दिली. एखाद्या परक्या बाईला देतात तशी. हेरवाडे मॅडमनी आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. "मी तुम्हाला दोष देत नाही," त्या म्हणाल्या. पण त्यानंतर त्या आमच्याशी बोलल्या नाहीत.

निकाल फेब्रुवारीत लागला. वादी आक्काताई रेंदाळकर यांच्या कार्डावरच्या नोंदी आणि त्यांची साक्ष एकमेकींशी जुळत नाहीत. सर्व कार्डं एकाच दवाखान्यातली, एकाच परिचारिकेच्या हातची. ह्या एका कार्डावर विश्वास ठेवता येत नाही, तर बाकीच्यांवर कसा ठेवायचा? दुसरा पुरावा नाही. दावे फेटाळण्यात येतात. मॅडमनी अपील करायचं म्हटलं होतं, पण सह्या करायला पुन्हा सत्तावीस जणी जमल्या नाहीत. नऊ जमल्या. त्यांतल्या चौघी तारखेच्या आत फिरल्या.

गावात बोलणं सुरू झालं. आक्काताईनं कंपनीकडून घेतले. किती घेतले, कुठं ठेवले, ह्याच्या गोष्टी झाल्या. दादा पुण्याहून दिवाळीला घरी आला तेव्हा त्याच्या अंगावर नवा शर्ट होता, त्याचीही गोष्ट झाली. आई ते ऐकायची आणि भाकरी थापत राहायची. आंधळेपणी ती हाताच्या अंदाजानं भाकरी थापायची, एकही फाटायची नाही. एकदा मी चिडून म्हणाले, "तू निदान रुक्साना मावशीला तरी सांग." ती म्हणाली, "तिला सांगितलं तर ती मला माफ करंल. मग मी कुठल्या तोंडानं जगू?"

रुक्साना मावशी त्याच वर्षी श्रावणात गेली. कामावर असताना झटका आला आणि ती मशीनवरच पडली. डोकं लोखंडी कडेवर आपटलं. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. आईनं मला तिच्या घरी न्यायला सांगितलं. बागवान गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. दारात रुक्साना मावशीची मुलगी यास्मिन उभी होती, बारा वर्षांची. आईनं दोन्ही हात पुढं केले. यास्मिननं दार लावून घेतलं. अंगणातले पुरुष बघत होते. आई बंद दारापुढं किती वेळ उभी राहिली, मला सांगता येणार नाही. शेवटी मीच तिला फिरवलं.

मालन मावशीच्या मुलीचं लग्न माघात ठरल्याप्रमाणं झालं. आम्हाला पत्रिका आली होती. आई गेली नाही, मी गेले. मावशीनं मला सगळ्या पाहुण्यांसारखंच हळदीकुंकू लावलं. कुंकू जरा तिरकं लागलं, एवढंच.

पुढं मी शिकले, मिरजेला विमा कार्यालयात लागले, लग्न केलं, आईला माझ्याकडं आणलं. ती माझ्याकडं आठ वर्षं राहिली. त्या प्रवासातलं बोलणं आमच्यात पुन्हा कधी निघालं नाही. तिची गाठ पुन्हा वाढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता उघडण्यात अर्थ नाही. शेवटच्या दिवसांत तिला माणसं ओळखू येईनात. मी पाणी पाजायला गेले की ती विचारायची, "तुम्ही कोण?" मी म्हणायचे, "तेजू." ती म्हणायची, "माझी लेक यायची हाय. तिला रस्ता ठावं हाय का?"

ती गेली त्याला तीन वर्षं झाली. गेल्या दिवाळीत मालन मावशीही गेली. हुपरीला मी इतर भाच्यांबरोबर एका बाजूला उभी होते. तिच्या दोन मुली रडत होत्या. मला कुणी पुढं बोलावलं नाही आणि बोलवायचं कारणही कुणाला माहीत नव्हतं.

त्यानंतर मी इचलकरंजीला गेले. यास्मिनचं आता शिलाईचं दुकान आहे, जुन्या बसस्टँडच्या मागं. दोन मशिनी, भिंतीवर टांगलेले ब्लाउज. तिनं मला ओळखलं. बस म्हणाली नाही, पण जा असंही म्हणाली नाही. मी उभ्याउभ्याच सांगितलं. अथणी, धडपी, तीन शिक्के, मालन मावशी. एस.टी.तलं आईचं बोलणं सांगितलं. मला बरं वाटलं होतं, तेवढं मात्र मी तिलाही सांगू शकले नाही.

यास्मिननं मधे एकदाही मला थांबवलं नाही. हातातल्या कापडाला ती टाचण्या लावत होती, त्या तिनं संपवल्या.

"म्हणजे तिनं पैसे घेतले नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"आमच्या घरात सगळे म्हणायचे घेतले. अब्बाही म्हणायचे. मी पण तेच धरून बसले होते." तिनं कापड मशीनवर सरळ केलं. "पैसे घेतले असते तर मला समजलं असतं. गरिबाला पैसा दिसला की घेतो, त्याला काय करणार. पण तुझ्यासाठी? तुला काही झालं नसतं. तू तिची लेक म्हणूनच वाढली असतीस. फक्त एका कागदावर दुसरं लिहिलं असतं."

"हो," मी म्हणाले.

"आणि माझी अम्मी असती."

दारात एक बाई ब्लाउजचं माप द्यायला आली होती. यास्मिननं गळ्यातली टेप काढली आणि तिला आत बोलावलं. मला बाजूला सरकावं लागलं.